मेक आपला शेल का विचारत नाही

रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी वजनपावत्यांची एक छोटी प्रणाली मी जळगावात बसून लिहितो आणि धुळ्याचा माझा मावसभाऊ ती तपासून पाहतो. माझ्याकडे फेडोरा आहे, त्याच्याकडे उबुंटू; दोन्ही लिनक्सचेच प्रकार. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, मेक चालवलं की 'सोर्स नॉट फाउंड' येतं. माझा शेल तर बॅशच आहे."

मेक म्हणजे 'मेकफाइल'मध्ये लिहिलेल्या सूचनांनुसार प्रणालीची बांधणी करणारे साधन, शेल म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम (बॅश, झेडशेल, डॅश हे त्याचे प्रकार), आणि 'सोर्स' ही दुसऱ्या फाइलमधील आज्ञा चालू शेलमध्येच चालवणारी आज्ञा. त्याचा शेल बॅशच होता, पण मेकने तो विचारात घेतलाच नव्हता. जीएनयू मेक, म्हणजे लिनक्सवरील नेहमीचे मेक, पर्यावरणातील (प्रत्येक प्रोग्रामला आपोआप मिळणारी) जवळजवळ सर्व चले आपलीशी करते. 'शेल' हे चल मात्र ती युनिक्स प्रणालींवर मुद्दाम वगळते. त्या चलात माणसाने स्वतःच्या टंकनासाठी निवडलेला शेल असतो, आणि तो मानला तर एकच मेकफाइल झेडशेल वापरणाऱ्याकडे एक आणि बॅश वापरणाऱ्याकडे दुसरेच फळ देईल. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. म्हणून मेकफाइलमध्ये वेगळे सांगितले नसेल, तर आज्ञा 'बिन' निर्देशिकेतील 'एसएच'कडेच जातात.

अडचण अशी, की एसएच हे केवळ नाव आहे. फेडोरावर त्यामागे बॅश असतो, तर उबुंटूवर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून डॅश. डॅश आटोपशीर आणि वेगवान आहे, पण त्याला 'सोर्स', दुहेरी चौकटी कंस किंवा ॲरे (मूल्यांच्या याद्या) कळत नाहीत. बॅश मात्र एसएच या नावाने चालवला तरी 'सोर्स' निमूटपणे स्वीकारतो, त्यामुळे माझी चूक माझ्याच संगणकावर कित्येक महिने झाकलेली राहिली.

मी 'सोर्स'च्या जागी पॉसिक्सला, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाला, मान्य असलेला साधा बिंदू लिहिला. मेकफाइलच्या आरंभी बॅशचा मार्ग 'शेल' चलात नोंदवूनही काम झाले असते. ॲरेंची खरीच गरज असेल तर तेच करावे, मात्र मग बॅश नसलेल्या अल्पाइनसारख्या प्रणालीवर तो आधी बसवावा लागतो. विंडोजवर तर निराळेच: तेथे शोधमार्गात एसएच सापडला तर मेक तो घेते, नाहीतर विंडोजचा स्वतःचा शेल सीएमडी.

आता फेडोरावर मी डॅशही बसवला आहे. आज्ञा देतानाच 'शेल' चलाला दिलेले मूल्य मेक मानते. म्हणून धुळ्याला काही पाठवण्यापूर्वी मी डॅशचा मार्ग तेथे लिहून संपूर्ण बांधणी एकदा चालवतो.