तुम्ही विचारलंत म्हणून: बनवलेल्या भाषा ठेवायच्या कुठल्या कप्प्यात?

मी बनवलेल्या भाषांची नोंदवही ठेवते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. लायब्ररीत काम करत होते तेव्हा मुलं विचारायची, आता कॉलेज रोडला कुणी ओळखीचं भेटलं की तेही विचारतात, "मॅडम, एस्पेरांतो काय, क्लिंगॉन काय, बाहुबलीतली ती किलिकी काय, सगळ्या कुणीतरी बसून बनवलेल्याच ना, मग एक यादी करा आणि व्हा मोकळ्या, वर्गीकरण कशाला हवंय?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही म्हणून आज नीट लिहितेय.

आधी लायब्ररीतलं सांगते. पुस्तकांना विषयाप्रमाणे नंबर देण्याची ड्यूई नावाची पद्धत असते, त्यात ४०० म्हणजे भाषा, त्यात आपली मराठी ४९१.४६ ला, आणि अगदी शेवटच्या टोकाला ४९९.९९, कृत्रिम भाषा. त्याच्या आत ४९९.९९२ एस्पेरांतो, ४९९.९९३ इंटरलिंग्वा. पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं त्यामुळे शेल्फला एकच नंबर लागतो, ते बरोबरच आहे. पण नोंदवहीला ही सक्ती नाही ना, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

या भाषांची सगळ्यात गाजलेली विभागणी १९०३ ची, लुई कुतुरा आणि लेओपोल्ड लो या दोन फ्रेंच अभ्यासकांची. त्यांनी विचारलं की भाषा बनवताना माल कुठून आणलाय. कुठल्याच भाषेचा आधार न घेता सगळं शून्यातून रचलं तर एक गट, आहे त्या भाषांतून घेतलं तर दुसरा, आणि दोन्हीची सरमिसळ असेल तर तिसरा. सुद्रे नावाच्या फ्रेंच माणसाची सोलरेसोल ही भाषा फक्त सात सुरांवर उभी आहे, ती पहिल्या गटात. एस्पेरांतोचे धातू बहुतेक युरोपातल्या भाषांमधले, ती दुसऱ्यात. श्लेयर या जर्मन पाद्र्याची १८८० च्या सुमाराची व्होलाप्युक तिसऱ्यात, कारण तिचे बरेचसे शब्द मुळात इंग्रजीतूनच आलेत पण कापून इतके बदललेत की इंग्रजी बोलणाऱ्यालाही ते ओळखू येत नाहीत.

पण शून्यातून रचलेल्या भाषांमधली माझी सगळ्यात आवडती म्हणजे जॉन विल्किन्स यांची, १६६८ मधली. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी हे एक. त्यांनी आधी जगातल्या यच्चयावत गोष्टी ४० मोठ्या वर्गांत वाटल्या, मग वर्गाला दोन अक्षरं दिली, पोटवर्गाला पुढे एक व्यंजन, त्याच्या आतल्या प्रकाराला एक स्वर. 'दे' म्हणजे मूलतत्त्व, 'देब' म्हणजे त्यातलं पहिलं, अग्नी, आणि 'देबा' म्हणजे त्या अग्नीचा एक अंश, ज्वाला. शब्द कानावर पडला की वस्तू कुठल्या वर्गातली, कुठल्या पोटवर्गातली हे लगेच कळलं पाहिजे. लायब्ररीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून अंगावर काटा येतो, कारण हे तर सरळसरळ कॉल नंबर झाले, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारे नंबर, माणसांनी एकमेकांशी कॉल नंबरमध्ये बोलायचं! आणि अडचणही नेमकी तिथेच आहे. विल्किन्सनी देवमासा माशांमध्ये धरला होता. आता तो सस्तन प्राणी आहे म्हटल्यावर नुसता तक्ता सुधारून भागत नाही, त्या प्राण्याला हाक मारायचा शब्दच चुकतो, तो बदला, त्याच्यावरून केलेले सगळे शब्द बदला, आणि ज्यांनी पाठ केले त्यांना जाऊन सांगा.

म्हणून माझ्या वहीत भाषेला फक्त अनुक्रमांक असतो, ज्याचा काहीही अर्थ होत नाही. वर्ग शेजारच्या रकान्यांत, वेगवेगळे, त्यातला पहिला रकाना वर सांगितलेला, माल कुठून आणला. उद्या मत बदललं तर रकाना खोडायचा, भाषेची ओळख तशीच राहते.

दुसरा रकाना, कशासाठी बनवली. याचे ढोबळ तीन कोपरे मानतात. जगातल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून केलेल्या, जशी एस्पेरांतो, एखादी कल्पना तपासायला केलेल्या, आणि कलेसाठी केलेल्या. १९५५ ला जेम्स कुक ब्राऊन यांनी लॉगलान सुरू केली ती भाषा विचारांना वळण लावते का हे तपासायला, तो दुसरा कोपरा. क्लिंगॉन मार्क ओक्रांड यांनी 'स्टार ट्रेक' सिनेमासाठी केली, तिसरा. आणि सुझेट हेडन एल्जिन यांची १९८२ ची लाआदान? बायकांचे अनुभव नीट बोलता येतील अशी भाषा असली तर काय होईल हे बघायला त्यांनी ती रचली आणि आपल्या कादंबरीतही वापरली. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या कोपऱ्याच्या मधल्या रेघेवर बसते आणि मी तिला तिथेच ठेवते, ओढून एका कोपऱ्यात नेत नाही. खरं तर बऱ्याच भाषा अशा मधल्या रेघेवरच सापडतात.

तिसरा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, वापर. डेटलेफ ब्लांके या जर्मन अभ्यासकांनी याच कसोटीवर भाषा लावल्या, नुसता कागदावरचा प्रकल्प, मग अर्धवट रुजलेली, मग खरोखर समाज असलेली. १८८७ ला वॉर्सात झामेनहोफ यांचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा एस्पेरांतो एका डोळ्यांच्या डॉक्टरचा प्रकल्प होती, आज तीच भाषा घरात ऐकत वाढलेली मुलं आहेत. उलट व्होलाप्युक, १८८९ ची पॅरिसची परिषद चक्क व्होलाप्युकमध्येच चालली पण सुधारणांवर शेवटचा शब्द श्लेयर यांना स्वतःकडेच हवा होता, त्यावरून फाटाफूट झाली आणि थोड्याच वर्षांत चळवळ ओसरली. किलिकी २०१५ ला कालकेय सैन्यासाठी मदन कार्की यांनी केली, पुढे २०२० ला लिपीसकट सगळ्यांना शिकण्यासाठी ऑनलाइन आणली. भाषेचा वापर असा काळाप्रमाणे बदलतो, म्हणून या रकान्यात वर्ष लिहिल्याशिवाय नोंद करायचीच नाही हा माझा नियम आहे.

एका वस्तूकडे अनेक बाजूंनी बघायचं आणि ती उत्तरं जोडून तिची जागा ठरवायची, हे आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्येच कोलन वर्गीकरणात करून ठेवलंय. मद्रासचा गणिताचा प्राध्यापक लायब्ररीत आला आणि जगाला हे दिलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता मुलांचा लाडका उपप्रश्न, आमची च ची भाषा घेणार का? "पाणी दे" म्हणजे "चाणीप चेद", नाशिक म्हणजे चाशिकन. ऐकायला मस्त, पण मी ती घेत नाही, कारण शब्द मराठी, व्याकरण मराठी, फक्त अक्षरांची अदलाबदल, अर्थात बनवलेला आहे तो फक्त नियम. महानुभावांची सकळ लिपीही याच कारणाने बाहेर, तिथे अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं येतात, भाषा मराठीच राहते. व्यापाऱ्यांची नंदभाषा मात्र मला झोपू देत नाही. वाक्य मराठीच, पण आकड्यांना वगैरे वेगळेच शब्द, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून मुद्दाम ठेवलेले. पूर्ण भाषा नाही म्हणून वगळावं तर कुणीतरी विचार करून शब्द घडवलेत आणि पिढ्यान् पिढ्या धंद्यात चाललेत, म्हणजे वापराच्या रकान्यात ती कित्येक नावाजलेल्या भाषांच्या पुढे जाते. सध्या तिला वहीच्या मागच्या पानांवर ठेवलंय, 'शब्द बनवलेले, व्याकरण उसनं' अशा शेऱ्यासकट.

तुमच्या घरी कुणी नाशिकच्या रविवार कारंजा, भद्रकाली भागात जुना धंदा केलेला असेल आणि त्यांच्या तोंडी असे आकडे ऐकले असतील तर कृपया शब्द, कोण वापरायचं, साधारण कुठल्या काळात, एवढं तरी लिहून ठेवा आणि मलाही सांगा. आणि कुणी स्वतःची भाषा बनवत असेल, अगदी शाळेतलं पोर असलं तरी, तर एक नमुना वाक्य, त्याचा अर्थ आणि सुरू केल्याचं वर्ष द्या, अनुक्रमांक लगेच मिळेल, रकाने आपण बसून भरू.