युगांडातल्या स्पॉन्सर मुलांना भेटायला गेलो तो माझा अनुभव

आमच्या मंडळीतले बरेच जण एका ख्रिस्ती संस्थेमार्फत युगांडातल्या मुलांना स्पॉन्सर करतात. महिन्याला पैसे जातात, अधूनमधून पत्रं येतात, फोटो येतो. यंदा पाळकांनी मनावर घेतलं आणि गट करून जायचं ठरलं. प्रभूच्या कृपेनं जाऊन आलो, पण जायच्या आधी माझं जे झालं ते इथे लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाचा तरी त्रास वाचावा.

व्हिसाचं टेन्शन घेऊ नका, तो ऑनलाइन होतो. साधा टुरिस्ट व्हिसा ५० डॉलर, आणि केनिया-रवांडालाही जायचं असेल तर १०० डॉलरमध्ये तिन्ही देशांचा एकच मिळतो. फक्त यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड अपलोड करावं लागतं, म्हणून लस आधी.

अडलं ते बॅकग्राउंड चेकला. मुलांना भेटणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची तपासणी होते आणि ती व्हायलाच पाहिजे. गरीब घर, बाहेरून आलेला पैसेवाला पाहुणा, त्या आईबापांना नाही म्हणणं जड जाणार, मग त्यांच्या वतीनं नाही म्हणायला कुणीतरी नको का? माझा राग तपासणीवर नाही, तपासणी करणाऱ्या ऑफिसवर आहे.

फॉर्ममध्ये जुने पत्ते आणि आजवर वापरलेली सगळी नावं भरायची होती. लग्नानंतर माझं मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, आपल्यात बहुतेक बायकांचं बदलतंच. मी दोन्ही पूर्ण नावं लिहिली, मॅरेज सर्टिफिकेट जोडलं. बाकीच्यांचं पटापट मंजूर झालं, माझ्यापुढे 'अपूर्ण'. काय अपूर्ण ते कुठेच लिहिलेलं नाही. मेल केला तर आपोआप येणारं उत्तर आलं, की तुमचा मेल मिळाला, आम्ही संपर्क करू. कुणी संपर्क केला नाही. सगळे कागद परत स्कॅन करून टाकले, परत 'अपूर्ण'. परत मेल, परत तेच छापील उत्तर. रोज सकाळी चहाच्या आधी लॉगिन करून बघायचे आणि तोच शब्द.

बरं, हे माझ्या एकटीपुरतं असतं तर ठीक होतं. पण सगळ्या गटाची यादी एकदमच पुढे जाते. ती युगांडातल्या ऑफिसला गेली की ते मुलांचं काम बघणाऱ्या तिथल्या सेंटरला कळवतात, सेंटरवाले मुलांच्या घरी जाऊन सांगतात, मग घरचं कुणीतरी त्या दिवसाचं शेतातलं काम सोडून मुलाला घेऊन येतं. याला कितीतरी आठवडे लागतात. म्हणजे माझ्या एका नावापायी सगळे खोळंबले, तिकिटांचे भाव चढायला लागले, आणि रविवारी उपासनेनंतर जो तो मला विचारणार, झालं का गं तुझं? मला तर चर्चला जायलाही नको वाटायला लागलं होतं. पाळक म्हणाले, प्रार्थना करू, पण तू फोन सोडू नकोस.

शेवटी ऑफिस उघडायच्या वेळेलाच फोन लावला तेव्हा एका बाईंनी उचलला आणि माझी फाइल उघडून बघितली. कारण काय, तर पासपोर्टवर माझं आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात, फॉर्मवर दोन वेगळ्या रकान्यांत, त्यामुळे त्यांच्या सिस्टिमला मी दोन वेगळ्या बायका वाटत होते! एवढंच. दोन्ही नावं माझीच असं एका कागदावर लिहून सही करा आणि जुन्या पासपोर्टचं पान जोडा, म्हणाल्या. लगेच केलं, आणि दुसऱ्या दिवशी मंजूर. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. हे एक वाक्य मेलमध्ये लिहायला त्यांना काय झालं होतं?

तर नाव बदललेलं असेल तर ते पत्र आणि जुना पासपोर्ट पहिल्याच दिवशी जोडा, केस नंबर मागून घ्या, आणि सगळ्या गटाचं मंजूर होईपर्यंत तिकिटं काढू नका.

सेंटर मसाकाच्या बाजूला आहे. एंटेबे विमानतळाहून जाताना रस्त्यात विषुववृत्त लागतं. मी स्पॉन्सर करते ती मुलगी तिच्या मावशीबरोबर आली होती. तिथल्या रीतीप्रमाणे ती गुडघे टेकून नमस्काराला बसली, मी पटकन खाली वाकून तिला उठवलं. मग सेंटरच्या ताईंनी तिची फाइल दाखवली, त्यात उंची-वजनाची नोंद, शाळेचे मार्क आणि माझं एकेक पत्र तारखेनं लावलेलं. तिनं दुभाष्याला काहीतरी हळूच विचारलं. तिला माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का ते हवं होतं. मी ते कधीतरी पत्रात एका ओळीत लिहिलं होतं! म्हणून सांगते, पत्रात नुसते आशीर्वाद नकोत, घरातलं लिहा.

भेटवस्तू सेंटरला विचारूनच न्या, रोख पैसे हातात द्यायचे नाहीत, फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही, गावाचं नाव दिसेल असा फोटो कुठेही टाकायचा नाही. मुलाबरोबर एकटं बसू देत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका.

लोक विचारतात, तिकिटाचे पैसेच मुलांसाठी का नाही दिले? प्रश्न बरोबर आहे. ब्रूस वायडिक वगैरे अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल या अशाच एका संस्थेच्या (आमची संस्था वेगळी) मुलांचा अभ्यास छापला, युगांडासकट ६ देशांतला. त्यात स्पॉन्सर झालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली असं निघालं. म्हणजे काम होतं ते महिन्याच्या पैशानं. प्रवासासाठी तो हप्ता कधीच थांबवू नका, वेगळे साठवून जा.

लशीचं राहिलं. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या, त्याआधी कार्ड लागू होत नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, तेव्हा आधी घेतली असेल तर परत नको. मूळ कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, एंटेबेला उतरल्या-उतरल्या आमच्याकडे तेच मागितलं.