सहा नंबरच्या पिरॅमिडचं सोनं

म्युनिकच्या इजिप्शियन कला संग्रहालयात मी गटांना दालनं दाखवते, तिथल्या वस्तूंच्या गोष्टी सांगते. हे संग्रहालय जमिनीखाली आहे. रुंद पायऱ्या उतरून खाली गेलं की काँक्रीटच्या उंच दालनांमध्ये साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचे चेहरे समोर येतात. येणारे बहुतेक लोक फॅरोसाठी आलेले असतात. माझ्या फेरीत सुदानचं दालन शेवटी येतं, आणि तिथवर पोचेपर्यंत लोकांचे पाय दुखायला लागलेले असतात. तरीही एका काचेपाशी सगळे थांबतात, कारण तिथे सोनं आहे. बांगड्या, अंगठ्या, मणी, ताईत. एका रुंद कड्यावर पंख पसरलेली देवी आहे आणि तिच्या पिसांमध्ये निळी-लाल काच वितळवून भरलेली आहे. दोन हजार वर्षं झाली, तरी तो निळा रंग ताजा वाटतो.

हे सगळं आजच्या सुदानमधल्या प्राचीन कूश राज्याच्या राणी अमानिशाखेतोचं. इसवी सन पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस ती मेरोएहून राज्य करत होती. मेरोए म्हणजे आजच्या खार्तूमच्या ईशान्येला, नाईलच्या पूर्व काठाजवळ, सुमारे दोनशे किलोमीटरवर.

त्या मंगळवारी संध्याकाळी जर्मन शिकणाऱ्यांचा एक वर्ग आला होता. या देशात नव्यानं आलेल्यांसाठी असे वर्ग असतात. युक्रेनच्या दोन मैत्रिणी, काही सीरियन, अफगाणिस्तानातलं एक जोडपं, सुदानचा एक तरुण आणि त्याच्यासोबत पन्नाशी ओलांडलेले एक उंच गृहस्थ. तरुण त्यांना अम्मो म्हणत होता, म्हणजे काका. थोड्या वेळानं मीही अम्मोच म्हणायला लागले. सगळ्यांचं जर्मन बेताचंच, म्हणून मी छोटी वाक्यं वापरत होते. अम्मो पहिल्या सगळ्या दालनांमध्ये गप्प होते. हात मागे बांधून ते पुतळ्यांचे चेहरे सोडून पायथ्यांकडेच बघत होते. एका ग्रॅनाइटच्या तुकड्यापाशी तर ते खाली वाकले आणि छिन्नीच्या खुणा बघत राहिले. हा माणूस दगडातला आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सोन्याच्या काचेपाशी मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "१८३४ साली जुझेप्पे फेर्लिनी नावाच्या इटालियन डॉक्टरला हे दागिने मेरोएच्या एका पिरॅमिडमध्ये सापडले."

"कुठला पिरॅमिड?" अम्मोंनी विचारलं.

"उत्तरेकडच्या स्मशानातला. सहा नंबरचा."

"तो पिरॅमिड नाही," ते म्हणाले. "तो ढीग आहे."

मग मधेच जर्मन, मधेच अरबी, तरुणाच्या मदतीनं त्यांनी सांगितलं ते असं: त्यांचं गाव तिथून जवळ. पिरॅमिडांच्या डागडुजीवर त्यांनी कितीतरी हंगाम गवंडीकाम केलेलं. दगड घडायचे, सांधे भरायचे, साचलेली वाळू उपसायची. "दुपार कलली की पिरॅमिडांची सावली पूर्वेला पडते. तिथं बसून आम्ही जेवायचो. सहा नंबरपाशी कुणी बसायचं नाही. त्याला सावलीच नाही."

मी हे दालन इतक्या वेळा दाखवलं आहे. या दागिन्यांचं वर्णन मी झोपेतही सांगेन. पण ज्या इमारतीतून ते आले तिची सावली पाडणारे दगड आज जागेवर नाहीत, ही गोष्ट मला इतक्या थेटपणे कुणी सांगितली नव्हती. त्या क्षणापासून फेरी माझी राहिली नाही. आम्ही दोघांनी मिळून ती पुढे नेली.

फेर्लिनीची हकिकत मी पूर्ण सांगितली. तो बोलोन्याचा, इजिप्तच्या सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरीला होता. त्या वेळी सुदान इजिप्तच्या ताब्यात होता. एका अल्बेनियन व्यापाऱ्याला भागीदार करून, शेकडो मजूर लावून त्यानं मेरोएत खोदकाम केलं ते निव्वळ खजिन्यासाठी. सहा नंबरचा पिरॅमिड त्या काळी जवळजवळ शाबूत होता. फ्रेडरिक कायो हा फ्रेंच प्रवासी १८२१-२२ मध्ये तिथं गेला होता आणि त्याच्या चित्रांत तो उभा दिसतो. फेर्लिनीनं तो वरून, टोकापासून, उतरवत नेला. सोनं सापडल्यावर मजूर आपल्याला लुटतील या भीतीनं त्यानं ते लपवलं आणि संधी मिळताच तिथून पळ काढला. हे सगळं त्यानं स्वतःच लिहून छापलं आहे.

युरोपात सुरुवातीला कुणी विश्वास ठेवेना. दागिन्यांची घडण ना पुरती इजिप्शियन, ना ग्रीक. आफ्रिकेत इतक्या आत असं काम होऊ शकतं हेच लोकांना मान्य नव्हतं, त्यामुळे हा नकली माल ठरवला गेला. शेवटी काही भाग बव्हेरियाच्या राजा लुडविग पहिला यानं घेतला आणि तो म्युनिकला आला. १८४४ मध्ये रिचर्ड लेप्सियस हा जर्मन इजिप्ततज्ज्ञ प्रशियाच्या मोहिमेबरोबर स्वतः मेरोएला गेला. त्याच्या शिफारशीवरून उरलेला भाग बर्लिननं विकत घेतला. एका राणीच्या अंगावरचे दागिने असे दोन शहरांत वाटले गेले.

"पण आत कुठे सापडलं त्याला?" वर्गाच्या बाईंनी विचारलं. "पिरॅमिडच्या आत खोली होती?"

अम्मो जोरात मान हलवायला लागले. "आत काही नसतं," ते म्हणाले. "आत भर असते. दगडगोटे, माती, खडी. बाहेरून घडीव दगड. बस्स. माणूस खाली असतो."

फेर्लिनीनं लिहून ठेवलंय की माथ्याजवळच्या एका पोकळीत त्याला हे दागिने मिळाले. बहुतेक अभ्यासकांना ते पटत नाही. जॉर्ज राइझनर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं १९२० ते १९२३ या काळात मेरोएच्या स्मशानांचं पद्धतशीर उत्खनन केलं तेव्हा दफनाच्या खोल्या निघाल्या त्या जमिनीच्या पोटात, खडकात कोरलेल्या. पूर्वेकडून खाली पायऱ्या जातात. मृताला खाली ठेवायचं, पायऱ्या बुजवायच्या आणि वर पिरॅमिड, त्याच्या पूर्व अंगाला एक छोटं देऊळ. गिझाला राजाची खोली पिरॅमिडच्या पोटात आहे. इथे पिरॅमिड भरीव असतो. म्हणजे वरचा एकही दगड हलवायची गरज नव्हती. फेर्लिनीच्या त्या माथ्यावरच्या खोलीच्या गोष्टीनं पुढच्या लुटारूंनाही वरूनच फोडायची वाट दाखवली. मेरोएच्या कुठल्याही फोटोत दिसणारी ती कापलेली टोकं बघितली की मला अजूनही राग येतो. लोकांना वाटतं ती काळानं झिजली.

यानंतर युक्रेनच्या एका बाईंनी सरळ प्रश्न विचारला. इतक्या उभ्या उताराच्या इमारतीवर दगड चढवले कसे? गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा उतार सुमारे ५२ अंशांचा आहे, मेरोएत तो ७० अंशांपर्यंत जातो. बाहेरून उतरण रचायला जागाच नाही.

हा माझा आवडता विषय. फ्रीडरिश हिंकेल नावाचा पूर्व जर्मनीचा वास्तुविशारद १९७० च्या दशकापासून मेरोएचे पिरॅमिड दुरुस्त करत होता. उघड्या पडलेल्या पिरॅमिडांच्या मध्यभागी त्याला उभ्या लाकडी खांबाच्या खुणा दिसल्या. त्यावरून त्यानं मांडलं की शडूफ वापरला असणार. नाईलच्या काठावर पाणी उपसायला असतो तो: खांबावर आडवं लाकूड, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला दोर. खांब मधोमध रोवायचा, भोवती थर रचत जायचं आणि इमारतीबरोबर खांबही वर सरकवायचा. आमच्या कुडाळकडे विहिरीवर लाट असायची, कोळंब्यानं पाणी काढायची, अगदी तीच युक्ती. आजोबांना लाट ओढताना मी पाहिलंय, दोन बोटांनी ओढावी तशी ती सहज खाली यायची. खांब मध्ये ठेवला की आडव्या लाकडाची पोच ठरलेली असते, आणि मग इमारत अरुंद आणि उभीच होणार. तो उतार केवळ दिसण्यासाठी नाही, अवजारातून आलेला आहे. मला हे फार सुंदर वाटतं.

अम्मोंनी हे ऐकून तरुणाला दालनाच्या मधोमध उभं केलं. "हा खांब." स्वतःचा हात त्याच्या खांद्यावर आडवा ठेवला, वर्गातल्या एकाची पिशवी बोटांत अडकवली आणि चारी दिशांना फिरवून दाखवली. "एक कोपरा, दुसरा कोपरा, तिसरा. चौथ्याला तुम्ही उभे राहता, दगड बसवायला." सुरक्षारक्षक जवळ येऊन बघू लागला. मी त्याला खुणेनं थांबवलं. सगळा वर्ग हसत होता आणि सगळ्यांना कळलं होतं.

वर्गाच्या बाईंनी मग हळूच विचारलं की हे इजिप्तचं अनुकरणच ना शेवटी? प्रश्न प्रामाणिक होता. मला तो अनेकदा येतो आणि दर वेळी मी अस्वस्थ होते. खुफूचा, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सन पूर्व २५६० च्या सुमाराचा. इजिप्तच्या राजानं स्वतःसाठी बांधलेला शेवटचा पिरॅमिड अहमोसचा, अबायडोसचा, इसवी सन पूर्व सोळाव्या शतकातला. कूशचा राजा पिये सुदानमधल्या एल-कुर्रूला पिरॅमिडखाली दफन झाला तो इसवी सन पूर्व आठव्या शतकात. मध्ये जवळजवळ आठशे वर्षं गेली. तोवर पियेनं इजिप्त जिंकला होता. त्याच्या घराण्यानं दोन्ही देशांवर राज्य केलं, इजिप्तच्या यादीत ते पंचविसावं घराणं. त्याचे चार घोडेही एल-कुर्रूलाच पुरले आहेत. पुढे तहार्कानं नुरीला सुदानमधला सर्वांत मोठा पिरॅमिड बांधला, पायथ्याशी पन्नास मीटरहून रुंद. कूशचे लोक पुढे हजारेक वर्षं, इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत, पिरॅमिड बांधत राहिले. सुदानमध्ये आज दोनशेहून जास्त पिरॅमिड आहेत, इजिप्तपेक्षा जास्त. इजिप्तमध्ये प्रथा केव्हाच संपली होती. तिथल्या अधिकाऱ्यांच्या थडग्यांवरचे लहान उभट पिरॅमिड नुबियातल्या, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या लोकांनी पाहिले, आणि मग स्वतःच्या दगडाला, स्वतःच्या अवजाराला, स्वतःच्या राण्यांना जुळेल असा आकार घडवला. हजार वर्षं टिकलेल्या गोष्टीला नक्कल म्हणणं मला मान्य नाही, आणि मी तसं सांगितलं.

राण्यांचा विषय निघाला म्हणून मी अमानिशाखेतोच्या देवळाच्या दर्शनी भिंतीबद्दल सांगितलं. तिथं ती भरदार अंगाची, दागिन्यांनी मढलेली, बांधलेल्या कैद्यांवर भाला चालवताना कोरलेली आहे. अफगाण बाई इतका वेळ काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "ती राजाची बायको होती?" नाही, म्हटलं, ती स्वतः राज्य करत होती. त्या पुन्हा काचेकडे वळल्या आणि त्यांनी एकेक कडं नीट पाहून घेतलं.

तरुण सुदानी मुलगा खार्तूमचा. त्यानं मोबाइलवर राष्ट्रीय संग्रहालयाचे फोटो दाखवले. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ते संग्रहालय लुटलं गेलं. मार्च २०२५ मध्ये लष्करानं शहर परत घेतल्यावर आत गेलेल्यांना रिकामी कपाटं दिसली, सोन्याच्या वस्तूंची खोलीही त्यातच. शाळेच्या सहलीत त्यानं ते दालन पाहिलं होतं. "म्हणजे आता हे इथे आहे ते बरंच झालं," कुणीतरी म्हणालं. हे वाक्यही मी ओळखते. अम्मोंनी त्याला उत्तर दिलं आणि तरुणानं ते शब्दशः सांगितलं: "लुटणारा तेव्हाही बाहेरून बंदूक घेऊन आला होता. त्या वेळी ढीग झाला, आता कपाट रिकामं झालं. यात बरं काय?" माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं. मी एवढंच जोडलं की नागा या प्राचीन ठिकाणी हे संग्रहालय युद्धापूर्वी उत्खनन करत होतं, तिथं निघालेलं सुदानमध्येच राहतं, आणि काम करण्याची तीच रीत योग्य आहे.

वेळ संपत आली होती. अम्मोंना अजून वाळूबद्दल बोलायचं होतं. वाऱ्याबरोबर येणारी वाळू पायथ्यापासून दगड खाते, नरम वालुकाश्माला तर फारच लवकर. त्यामुळे आधी वाळू उपसायची, मगच सांधे. सिमेंट अजिबात वापरायचं नाही, ते दगडापेक्षा कडक होतं आणि मग दगड फुटतो. मूळच्या लोकांनी बाहेरून चुन्याचा गिलावा दिलेला होता, त्यावर रंगही होता, त्याचे तुकडे अम्मोंनी हातात धरलेले. वर्गाच्या बाई घड्याळ बघत होत्या आणि तरीही त्यांनी अम्मोंना थांबवलं नाही.

निघताना अम्मोंनी मला विचारलं, "उरलेलं सोनं बर्लिनला बघायला मिळतं?"

मिळतं, म्हटलं. नोयेस म्युझियममध्ये, म्युझियम बेटावर. तिथं मेंढ्याच्या तोंडाच्या आमोन देवाची एक ढालीसारखी अंगठी आहे, ती चुकवू नका. त्यांनी तरुणाकडून नाव फोनमध्ये लिहून घेतलं. महिन्याच्या प्रादेशिक पासवर बर्लिनपर्यंत जाता येतं का, गाड्या कुठे बदलाव्या लागतात, हे त्यांनी मला विचारलं, आणि आम्ही दोघांनी पायऱ्यांपाशी उभं राहून वेळापत्रक काढलं. पहाटे निघालं तर दुपारपर्यंत पोचता येत होतं.