पोट छातीत गेलेलं बाळ

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीत बॉडी कॅव्हिटीज अगदी सुरुवातीला येतात. कवटीची पोकळी, मणक्याची, छातीची, पोटाची, ओटीपोटाची. आकृती काढायची, नावं द्यायची, पाच मार्क पक्के, आणि मग हार्ट, किडनीचे मोठे धडे आले की हे सगळं विसरून जायचं. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात एसएनसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या विभागात, स्टाफ नर्स आहे. पोस्टिंगला आलेल्या प्रत्येक बॅचला मी ही केस सांगते, आज लिहूनच काढते.

बाई उसतोडीहून आलेली होती. अख्खा सीझन फडावर, त्यामुळे पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झालेलीच नव्हती. डिलिव्हरी नॉर्मल झाली, दिवस भरलेले, वजन चांगलं, बाळ रडलंही. सगळ्यांना हायसं वाटलं आणि एक-दोन मिनिटांत बाळ निळं पडायला लागलं. श्वास जोरजोरात, बरगड्या आत ओढल्या जातायत, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, चढतच नाही.

आता अशा वेळी आमचा हात आपोआप अँबू बॅगकडे, म्हणजे हाताने दाबून हवा द्यायच्या पिशवीकडे, जातो. ट्रेनिंगच तसं असतं, श्वास नीट नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत मास्क लावून हवा द्यायची, आणि शेकडो बाळं त्यानेच वाचतात. लेबर रूमच्या सिस्टरांनी मास्क उचललाही होता, तेवढ्यात आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडम बाळाकडे एकदा बघून म्हणाल्या, "थांबा, मास्क नको. पोट बघा."

पोट खपाटीला गेलेलं होतं. नवजात बाळाचं पोट कसं असतं, गोल, भरलेलं, श्वासाबरोबर वर-खाली होणारं. इथे बरगड्यांच्या खाली थेट खळगा, आणि डावी छाती मात्र फुगलेली. मॅडमनी स्टेथो डाव्या बाजूला लावला तर हवा आत जातानाचा आवाज जवळजवळ नाहीच, आणि ठोके ऐकू येतायत उजवीकडे. त्यांनी लगेच ट्यूब टाकली, थेट श्वासनलिकेत, मला म्हणाल्या तोंडातून रायल्स ट्यूब, म्हणजे जठरात जाणारी बारीक नळी, टाका आणि सक्शनला जोडा.

कारण असं की छाती आणि पोट या दोन पोकळ्यांच्या मध्ये डायफ्रॅम असतो, पातळ स्नायूचा घुमट. त्याला नॉर्मली तीन मोठी दारं असतात, खालून रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेचं आठव्या मणक्याच्या पातळीला, अन्ननलिकेचं दहाव्या आणि महाधमनीचं बाराव्या. हे सगळ्यांना पाठ असतं. पण गर्भात सुरुवातीला दोन्ही बाजूंना मागच्या अंगाला आणखी एक वाट उघडी असते, ती आठव्या आठवड्याच्या आसपास बंद होते. एखाद्या बाळात ती बंद होत नाही, बहुतेक वेळा डावीकडची, आणि दहाव्या आठवड्यात नाळेतून पोटात परत येणारी आतडी सरळ वर छातीत चढतात. मागोमाग जठर, प्लीहा, कधी लिव्हरचा भागही. याला बोखडालेक हर्निया म्हणतात. अशा बाळाला मास्कने हवा दिली की ती अन्ननलिकेतूनही जाते, जठर-आतडी फुगतात, आणि ती छातीतच असल्यामुळे उरलंसुरलं फुप्फुस पण दाबलं जातं. जी गोष्ट बाकी बाळांना वाचवते तीच इथे घात करते.

पोर्टेबल एक्स-रे झाला. डाव्या छातीत फुप्फुस दिसायच्या जागी काळे काळे गोल बुडबुडे, आतड्यातली हवा ती. मी पोटात टाकलेली रायल्स ट्यूब खाली जाऊन परत वर वळलेली आणि तिचं टोक छातीत, हृदयाच्या शेजारी. ट्यूब चुकली नव्हती, जठरातच होती, जठरच वर गेलेलं होतं. मला ते टोक अजून डोळ्यासमोर दिसतं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सिस्टर, हार्ट उजवीकडे म्हणजे डेक्स्ट्रोकार्डिया ना?" चांगला प्रश्न होता, डेक्स्ट्रोकार्डिया म्हणजे हार्ट मुळातच उजवीकडे घडलेलं असणं. मॅडम म्हणाल्या, नाही, हे हार्ट घडलंय बरोबर, फक्त ढकललं गेलंय.

बाहेर आजी बसलेल्या. कागदावर छाती-पोट काढून मी त्यांना मधला पडदा दाखवला, त्यात भोक आहे, पोटातलं वर सरकलंय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी मधलं कूड पडलंय की वं बाई." याहून नीट मला सांगता आलं नसतं. मग म्हणाल्या, "मग बुजवत्यात का आता?"

आता लगेच नाही, हेच नातेवाईकांना समजावणं सगळ्यात अवघड जातं. भोक बुजवणं हा सर्जनचा त्यातल्या त्यात सोपा भाग. खरी अडचण फुप्फुसाची, महिनोन्‌महिने जागाच मिळाली नाही म्हणून ते वाढलेलंच नसतं, त्यातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर जास्त असतं, म्हणून आधी बाळ स्थिर करायचं, हळुवार व्हेंटिलेटर द्यायचा आणि मगच ऑपरेशन. मेडिकल कॉलेजला फोन करून बेड मिळवला, १०८ आली, मी सोबत गेले. रस्ताभर एक हात ट्यूबवर, डोळे मॉनिटरवर, दर थोड्या वेळाने रायल्स ट्यूबमधून हवा ओढून काढायची. ड्रायव्हर दादांनी गाडी अशी चालवली की गतिरोधकावरसुद्धा ट्यूब हलली नाही, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशन काही दिवसांनी झालं. आतडी, जठर, प्लीहा खाली घेतली आणि डायफ्रॅम शिवला. तिथल्या सिस्टर सांगत होत्या की पोट बंद करतानाच जास्त ओढाताण झाली, पोटाची पोकळी रिकामी राहिल्यामुळे लहानच राहिली होती, सगळं सामान एकदम मावेना. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बाळ आमच्याकडे फॉलोअपला येतं. दूध अधूनमधून उलटतं, या बाळांत ते बरंच दिसतं, म्हणून उभं धरून थोडं थोडं पाजायला सांगितलंय. डावं फुप्फुस अजून छोटं आहे, पण जन्मानंतरही पहिली काही वर्षं फुप्फुसात नवे वायुकोष तयार होत राहतात, त्यामुळे मॅडम दर वेळी वजन आणि श्वासाची गती लिहून ठेवतात. मागच्या वेळी दोन्ही ठीक होती. यंदा आई फडावर गेली नाही, घरीच आहे.