दुखणाऱ्या कंबरेची रोजनिशी

सकाळी

जुनाट कंबरदुखी असलेल्याने दिवसाची पहिली नोंद अंथरुणाजवळच करावी. डोळे उघडल्यापासून हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येईपर्यंत किती मिनिटं गेली, एवढंच लिहायचं. 'आज दुखणं दहापैकी किती' या आकड्यापेक्षा मला हा जास्त भरवशाचा वाटतो. दहापैकी पाच की सहा हे मनःस्थितीवरही ठरतं. काल वीस मिनिटं लागली आणि आज पंचेचाळीस, यात मात्र मनाला ढवळाढवळ करता येत नाही.

सकाळीच कंबर इतकी का आखडते, हे कळलं की पुढची बरीच पथ्यं आपोआप सुचतात. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून घेतात आणि फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर जास्त भरते. उभं राहिल्यावर ती पुन्हा उतरते, आणि जवळपास निम्मी तर पहिल्या तासातच उतरते. गच्च भरलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक येतो. १९९८ मध्ये स्नूक आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या लोकांना एवढंच शिकवलं होतं, की उठल्यावर सुरुवातीच्या काळात कंबरेतून वाकायचं टाळा. तेवढ्यानेही त्यांचं दुखणं कमी झालं.

तेव्हा पहिला तासभर पायाच्या बोटांना हात लावायचा व्यायाम नको, गुडघे छातीशी ओढून घेणंही नको. उठताना आधी कुशीवर वळायचं, गुडघे दुमडलेलेच ठेवून पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने अंथरूण रेटत धड वर आणायचं. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकवायचा आणि कंबर सरळ ठेवून खुब्यातून झुकायचं. मोजे बसून, पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन घालायचे. मग दहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं. अनेक जण नेमके उठल्या उठल्या 'मोकळं व्हायला' जोरात ताण देतात आणि दिवसभर कंबर का ठणकते म्हणून कोड्यात पडतात.

दुपारी, व्यायामाबद्दल

रांगताना असतो तसं हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं. पाठ हळूहळू वर गोल करायची, मग हळूहळू खाली सोडायची. सहा ते आठ वेळा पुरे. शेवटच्या टोकाला जोर द्यायचा नाही, कारण इथे ताण द्यायचा नसून सांधे फक्त हलते करायचे आहेत.

त्यानंतर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम. पहिल्यात उताणं पडून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय सरळ ठेवायचा, दोन्ही तळहात कंबरेखालच्या पोकळीत सरकवायचे आणि डोकं व खांदे जमिनीवरून जेमतेम उचलायचे. हनुवटी छातीकडे खेचली की सगळा भार मानेवर जातो, म्हणून नजर छताकडेच हवी. दुसऱ्यात कुशीवर पडून कोपर बरोबर खांद्याखाली ठेवायचं, गुडघे दुमडायचे आणि कंबर उचलून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेघ करायची. तिसऱ्यात पुन्हा रांगण्याच्या स्थितीत येऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवायचा, मग उलट.

तिन्हींत स्थिती आठ ते दहा सेकंदच धरायची आणि आवर्तनं उतरत्या क्रमाने घ्यायची: सहा, थोडी विश्रांती, चार, विश्रांती, दोन. मिनिटभर ताणून धरलं की स्नायू थकतो, शरीर कुठून तरी चोरटा आधार शोधतं आणि तो बहुधा दुखऱ्या जागेतूनच येतो. दहा सेकंदांच्या अनेक फेऱ्यांत दम वाढतो, पण ढब बिघडत नाही. सर्वांत जास्त चूक तिसऱ्या व्यायामात दिसते. पाय जमिनीला समांतर होण्याऐवजी उंच उचलला जातो आणि कंबरेचा कमान झालेला भाग दुखतो. टाच भिंतीकडे ढकलतोय असं मनात आणलं की पाय आपसूक योग्य उंचीवर थांबतो. दुसरी चूक श्वास कोंडण्याची. मोजताना सेकंद पुटपुटले, तर श्वास कोंडताच येत नाही.

पायात कळ उतरत असेल तर वेगळा विचार करावा लागतो. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी एक फार उपयोगी खूण सांगितली: दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा ते सरकतंय कुठे ते बघा. पालथं झोपून दोन-तीन मिनिटं नुसतं पडायचं. मग कोपरांवर येऊन तितकाच वेळ थांबायचं. तेही जमलं तर तळहातांनी धड वर रेटायचं. कंबर आणि ओटीपोट जमिनीकडे सैल सोडायचं आणि हे दहा वेळा करायचं. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली नितंबात आली, तर दिशा बरोबर आहे. मग कंबर आधीपेक्षा जरा जास्त दुखली तरी चालेल. उलट कळ गुडघ्याखाली उतरू लागली किंवा पाऊल बधिर होऊ लागलं, तर लगेच थांबायचं. ज्यांना उभं राहिल्याने, चालल्याने पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, त्यांना हा व्यायाम बहुधा मानवत नाही. मणक्याची नळी अरुंद झालेल्या वयस्कर माणसांमध्ये असं दिसतं. त्यांनी पुढे वाकण्याचेच सौम्य प्रकार करावेत, अर्थात सकाळचा पहिला तास सोडून.

नसेची कळ आखडलेल्या स्नायूची समजून माणसं मांडीच्या मागचा स्नायू ताणत बसतात, हा एक हटकून होणारा घोळ. सरळ पाय उचलून धरला असताना पाऊल आपल्याकडे ओढल्यावर कळ एकदम वाढली, तर ती नसेची असण्याची शक्यता अधिक. नसेला ताणून धरलेलं सहन होत नाही, तिला सरकवलेलं आवडतं. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर न्यायची, गुडघा दुमडताना मान खाली आणायची. एका टोकाला नस ताणली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला सैल पडते, म्हणून ती मधल्या मधे सरकत राहते. दहा ते पंधरा वेळा, कुठेही न थांबता.

संध्याकाळी, चेंडू आणि शेक

नितंबातल्या किंवा खांद्याच्या पात्याजवळच्या दुखऱ्या गाठीवर टेनिसच्या चेंडूने दाब देणं हा उपाय मला मनापासून आवडतो. तो स्वस्त आहे आणि त्याची सूत्रं आपल्याच हातात असतात. पण त्याबद्दलचे समज फार चुकीचे आहेत. चेंडूने गाठ फुटत नाही, चिकटलेलं काही सुटतही नाही. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये 'दारा'चा सिद्धांत मांडला. त्यानुसार स्पर्श आणि दाबाचे संदेश पाठीच्या कण्यात पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काहीशी अडते. चेंडूचं काम बरंचसं या जातीचं आहे, आणि म्हणूनच ते थोडा वेळच टिकतं.

सुरुवात भिंतीशी उभं राहून करावी, जमिनीवर नाही. भिंतीपाशी पाय पुढे-मागे करून दाब कमी-जास्त करता येतो, जमिनीवर सगळं वजन एका बिंदूवर येतं. दहापैकी चार-पाच इतपत दुखेल असा दाब द्यायचा आणि साठ ते नव्वद सेकंद तिथेच थांबायचं. दुखणं तेवढ्यात निम्म्यावर आलं तर जागा बरोबर आणि दाबही बरोबर. ते चढत गेलं, दात आवळले गेले, श्वास अडला, तर दाब जास्त झाला. पायात मुंग्या आल्या तर चेंडू नसेवर आहे, दोन बोटं बाजूला सरकवायचा. हाडावर, मणक्यावर, मानेच्या पुढच्या बाजूला, काखेत आणि जांघेत चेंडू नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एकच पोटरी सुजून गरम आणि लाल झाली असेल तर तिला अजिबात चोळायचं नाही, ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

चेंडूनंतर मिळालेली मोकळीक वापरली नाही तर ती वाया जाते. नितंबावर दाब दिला की लगेच खुब्याच्या हालचाली करायच्या, खांद्यामागे दिला की हात डोक्यावर नेऊन आणायचे, दहा-दहा वेळा. याउलट काही जण रोज आदल्या दिवसापेक्षा जोरात दाबतात, निळे डाग पडेपर्यंत. त्याने ती जागा अजून हळवी होते.

शेकाबद्दल थोडक्यात: पंधरा ते वीस मिनिटं, मधे टॉवेल, आणि पिशवी घेऊन झोपी जायचं नाही. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्यांनी पायाला शेक घेऊच नये, भाजलेलं कळत नाही.

जेवणानंतर, मात्रेबद्दल

इतकं लिहूनही मुख्य गोष्ट राहिलीच. व्यायाम कोणता यापेक्षा किती, यावर माणसं जास्त फसतात. बरं वाटतं त्या दिवशी तुंबलेली सगळी कामं उपसायची आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, असा फेरा वर्षानुवर्षं चालतो. दर फेऱ्यात सहनशक्ती थोडी घटते.

त्यावरचा उपाय गणिती आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी चालून बघायचं. दुखणं नेहमीपेक्षा दोन आकडे वर गेलं की थांबायचं आणि मिनिटं लिहायची. समजा १४, २० आणि ११ आली. सरासरी १५. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे १२. तर रोज १२ मिनिटं चालायचं, उत्तम वाटलं तरी १२ आणि किरकोळ दुखलं तरी १२. वाढवताना एका वेळी साधारण दहा टक्के, म्हणजे मिनिटभरच वाढवायचं. बरं वाटलेल्या दिवशी बाराव्या मिनिटाला थांबणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे आणि सर्वांत मोलाचंही.

मात्रा बरोबर की चूक हे व्यायाम करताना ठरवू नये. करताना दोन आकड्यांपर्यंत वाढ चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताठरपणाची मिनिटं नेहमीइतकीच असतील तर मात्रा पचली. दीडपटीवर गेली तर एक पायरी खाली. सलग दोन आठवडे नेहमीइतकी किंवा कमी राहिली तरच वर.

दुखलं म्हणजे आत काहीतरी फाटलं, या भीतीपोटी बरेच जण हालचालच सोडतात. तीन महिन्यांहून अधिक चालणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. तोवर मज्जासंस्था स्वतःच हळवी झालेली असू शकते. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की पाठीच्या कण्यातल्या पेशी वेदनेच्या माऱ्याने इतक्या तयार होतात की साध्या स्पर्शालाही वेदनेसारखं उत्तर देऊ लागतात. दुखणं खरं असतं, पण ते इजेचं माप राहत नाही. एमआरआयच्या अहवालाचंही तसंच. २०१५ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्क्यांमध्ये आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांमध्ये आढळली. 'झीज झाली आहे' हे वाक्य वाचून चालणं सोडलेल्या प्रत्येकाला हे आकडे कुणीतरी शांतपणे सांगायला हवेत, असं मला कळकळीने वाटतं.

काही खुणा दिसल्या की मात्र स्वतःचे प्रयोग बंद. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, गुदद्वार आणि जांघांभोवती बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं: यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी थेट इस्पितळ. पाऊल उचलता येईनासं झालं, ताप आहे, कारणाशिवाय वजन घटतंय, पूर्वी कर्करोग झालेला आहे, किंवा कूस बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं आहे, तर व्यायामाच्या आधी तपासणी.

झोपण्यापूर्वी

दुखणं उसळेल त्या दिवसासाठीचा कागद बऱ्या दिवशीच लिहून ठेवावा, कारण कळ आलेल्या क्षणी डोकं चालत नाही. त्यावर एवढंच पुरे: दोन दिवस सगळं निम्म्याने, शून्यावर नाही. उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर, दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. पाच-पाच मिनिटांचं चालणं, चार-पाच वेळा. अंथरुणात सलग दिवस काढायचा नाही. तिसऱ्या दिवशी पाऊण मात्रा, चौथ्या दिवशी पूर्ण. आणि रोजनिशीची मागची तीन पानं वाचायची. शेवटचं जे उचललं त्यावर खापर फोडण्याची घाई होते, पण पानांवर बहुतेकदा दोन रात्रींची अपुरी झोप आणि चार-चार तासांची सलग बैठक सापडते.

दर तासाला 'आता किती दुखतंय' असं लिहू नये. ज्याच्याकडे सतत कान लावावा तेच मोठं ऐकू येतं. रोजनिशी दिवसातून दोनदा उघडावी: सकाळी मिनिटं, रात्री झोपेचे तास, चाललेली मिनिटं, व्यायामाची आवर्तनं आणि जमलेल्या एका कामाची ओळ. त्याखाली उद्याची मात्राही आजच लिहून टाकायची, म्हणजे सकाळी ना उत्साह ती वाढवेल ना भीती कमी करेल. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमधे उशी, उताणे झोपत असाल तर गुडघ्यांखाली. उद्या: चालणं १२, आवर्तनं सहा-चार-दोन, चेंडू डाव्या बाजूला ९० सेकंद.