आमची वाटचाल : आधी ताप मोजा, मग फोन लावा

२०२० च्या टाळेबंदीत डॉक्टरांना गोठ्यापर्यंत पोचता येईना, तेव्हा नाशिकमध्ये आमची फोनवरून पशुवैद्यकीय सल्ल्याची सेवा सुरू झाली. सल्ला देणारे सगळे नोंदणीकृत पशुवैद्यक, यात आम्ही कधीच तडजोड केली नाही. २०२२ मध्ये लम्पी हा जनावरांचा त्वचारोग आला आणि काम वाढलं.

मग एक स्पर्धक आला. फोटो पाठवा, लगेच औषधाचं नाव घ्या, तेही फुकट. "तुम्ही प्रश्नच फार विचारता," म्हणत आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. भाडं थकलं, डॉक्टर सोडून गेले, कुलूप लावायची वेळ आली. याचा सल अजून आहे, कारण जनावराला हात लावता येत नाही तेव्हा प्रश्न हीच तपासणी असते.

लाल लघवीचंच घ्या. कांद्याचा भाव पडला की निफाड-येवल्याकडे चाळीतला कांदा जनावरांपुढे पडतो आणि थोड्याच दिवसांत कॉफीच्या रंगाच्या लघवीचे फोटो येऊ लागतात. त्या स्पर्धकाकडून सरसकट गोचीडतापाचं इंजेक्शन लिहून मिळायचं. गोचीडतापात ताप १०४-१०६ पर्यंत चढतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईला व्यायल्यावर दोन ते चार आठवड्यांत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडूनही लघवी लाल होते, पण तिथे सहसा ताप नसतो. कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात तेव्हाही सहसा ताप नसतो. श्वासाला कांद्याचा वास येतो, पापणी आतून पांढरी पडते. तोच कांदा खाऊन शेळ्या मात्र बऱ्याचदा ठणठणीत असतात, गाईला तो जास्त बाधतो. फोटोत हे तिन्ही सारखेच! म्हणून आम्ही लघवी पारदर्शक बाटलीत तासभर न हलवता ठेवायला सांगतो. तांबडं तळाशी बसलं तर रक्त, एकसारखं राहिलं तर पेशी फुटल्यात.

सिन्नरकडचे एक अण्णा त्या काळातही आमच्याकडेच राहिले. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, कितवं वेत (बाळंतपण), व्यायल्याची तारीख, ताप, रवंथ, शेण, चारा कधी बदलला, याच क्रमानं ते सांगत. आजचा आमचा प्रश्नांचा तक्ता त्याच क्रमाचा आहे.

थर्मामीटरला दोरी बांधून ती शेपटीला अडकवा. टोक गुदद्वारातून दोन इंच आत आणि आतड्याच्या भिंतीला टेकलेलं हवं. शेणात रुतलं तर आकडा कमी येतो. गाईचं नेहमीचं तापमान १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं, पण उन्हातून आणलेलं जनावर आधी सावलीत उभं करा. व्हिडिओ आडव्या मोबाईलवर, डाव्या बाजूनं, भकाळी (बरगड्यांमागचा खोलगट भाग) पूर्ण दोन मिनिटं दिसेल असा घ्या. कोटीपोटाची (चारा साठतो त्या मोठ्या पोटाची) हालचाल मिनिटाला एक-दोनदा दिसायला हवी. पापणीचा फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता. पिवळ्या बल्बखाली पांढरी पापणीही गुलाबी वाटते, आणि रात्रीचे निम्मे फोटो असेच येतात.

व्यायल्यावर तीन दिवसांच्या आत गाय बसली, कान गार पडले, मान कुशीकडे वळवली, तर आमच्याशी बोलत बसू नका. जवळचा डॉक्टर बोलवा किंवा १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा नंबर लावा. कॅल्शिअम शिरेतून सावकाश द्यावं लागतं, घाईनं गेलं तर हृदय बंद पडतं. ते फोनवर शिकवायचं काम नाही. अशा फोनची फी आम्ही पडत्या काळातही घेतली नाही, आजही घेत नाही.