वेलांटी जागेवर बसवताना: आमची वाटचाल

2009 च्या दिवाळीनंतर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही पहिले होम मीडिया सेंटर, म्हणजे साठवलेली गाणी आणि चित्रफिती टीव्हीवर दाखवणारा छोटा संगणक, जोडले, तेव्हा टीव्हीला संगणक कशाला लावायचा हे समजावून सांगण्यातच निम्मा दिवस जाई. त्याच वर्षी इंटेलचा ॲटम 330 प्रोसेसर आणि एनव्हिडियाची आयन ही ग्राफिक्स चिप एकाच मिनी आयटीएक्स या छोट्या आकाराच्या मदरबोर्डावर मिळू लागली होती. एकट्या ॲटमला 1080 पी, म्हणजे फुल एचडी, चित्रफीत झेपत नसे, पण डिकोडिंगचा, म्हणजे दाबून साठवलेली चित्रफीत उलगडण्याचा, भार आयनवर टाकला की तीच चित्रफीत लिनक्सवरच्या एक्सबीएमसी या चित्रफिती चालवणाऱ्या प्रोग्रामात, म्हणजे 2014 नंतरच्या कोडीत, कुठेही न अडखळता चाले. आमचा सगळा धंदा त्या एका जोडीवर उभा राहिला.

बोर्ड आणायला मी पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जात असे आणि कॅबिनेट माझा मावसभाऊ करत असे. तो तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात बेंडिंग मशीनवर होता. बाजारातल्या कॅबिनेटमधल्या पंख्याची घरघर रात्री हॉलमध्ये संवादांच्या मधूनही ऐकू येई. म्हणून त्याने 1.2 मिलिमीटरच्या सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याला तळाशी आणि माथ्यावर भोके पाडली, अर्ध्या इंचाचे रबरी पाय लावले आणि गरम हवा आपसूक वर निघून जाईल अशी वाट करून दिली, त्यामुळे पंखा अगदी मंद ठेवला तरी चालू लागले. भोकांची प्रत्येक कड तो कानशीने मारून मगच पावडर कोटिंगला देई. रिमोटसाठी पुढच्या पट्टीत टीएसओपी 1738 हे रिमोटचे संकेत पकडणारे सेन्सर बसवायचे. त्याचे तीन पाय चुकीच्या क्रमाने जोडले, तर ते कामातून जाते, म्हणून सोल्डरचा डाग देण्याआधी मल्टीमीटर लावून पाहायची शिस्त भावाने मला लावली आणि ती मी आजतागायत मोडलेली नाही.

आमचे सर्वांत जुने ग्राहक म्हणजे नाशिकरोडचे, तिथल्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी स्वतः टेपरेकॉर्डर नेऊन ध्वनिमुद्रित केलेल्या कीर्तनांच्या तीनशेहून अधिक कॅसेट होत्या, त्या सगळ्या आम्ही संगणकावर उतरवल्या. काकूंची नजर अधू असल्यामुळे पडद्यावर मोजकी पाच बटणे, मोठी अक्षरे आणि सगळे मराठीत, एवढीच त्यांची मागणी होती. मी देवनागरी फाँट घातला, यंत्र सुरू केले, आणि पडद्यावर 'विठ्ठल' शब्दातली पहिली वेलांटी 'व'च्या आधी न येता नंतर उमटली, तर 'कीर्तन'मधला रफार 'त'वर न चढता पाय मोडून सुटा उभा राहिला. अक्षरे जोडण्याचे कामच त्या प्रणालीत होत नव्हते. काका शांतपणे म्हणाले, "अरे, असा मोडका विठ्ठल मी घरात ठेवणार नाही. नीट झाला की घेऊन ये." आठ रात्री खर्चून मी प्रत्येक शब्दाचे चित्र तयार केले आणि मजकुराच्या जागी ती चित्रे बटणांवर बसवली. घराप्रमाणे यंत्र घडवणे म्हणजे काय, हे मला तिथे कळले.

2011 च्या ऑगस्टमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाने 24 सदनिकांसाठी 24 यंत्रांची ऑर्डर दिली. प्रत्येकात दोन टीबीची डिस्क, भाव ठरलेला आणि एक तृतीयांश रक्कम आगाऊ. ऑक्टोबरमध्ये थायलंडमधल्या पुराचे पाणी हार्ड डिस्कच्या कारखान्यांत शिरले आणि काही आठवड्यांत डिस्कचे भाव जवळजवळ दुप्पट झाले. पैसे मोजायची तयारी असली तरी विक्रेता एका वेळी दोन-तीनच डिस्क देई. ठरलेला भाव आम्ही बदलला नाही, पत्नीचे दागिने गहाण ठेवून माल पुरा केला, आणि त्या गृहस्थांनी उशिराचे कारण सांगून उरलेली रक्कम अडवली, जी पूर्ण कधीच आली नाही. भावाला पुन्हा कारखान्यात नोकरी धरावी लागली. त्या मार्चमध्ये काका गाळ्यावर आले, धनादेश टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे पुढच्या दुरुस्त्यांचे पैसे समज." दुकानाचे तीन महिन्यांचे भाडे त्यातून निघाले.

त्यातून सावरतो तोच 31 मार्च 2013 ची मुदत आली. केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक होते. सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि केबलची वाहिनी थेट यंत्रावर दिसावी म्हणून आम्ही बसवलेली ॲनालॉग टीव्ही ट्यूनर कार्डे निरुपयोगी ठरली. त्याच सुमारास शहरातल्या एका दुकानाने आमच्या कॅबिनेटची हुबेहूब नक्कल करून निम्म्या भावात यंत्रे विकायला काढली आणि वर डिस्क भरून चोरीचे चित्रपट फुकट दिले. ते काम आम्ही कधी केले नाही आणि करणार नाही. खर्च वाचवायला त्यांनी रबरी पाय गाळले होते. यंत्र टेबलावर टेकले की तळाची सगळी भोके बंद होत, बोर्ड तापे आणि तासाभरात चित्र गोठे. ती यंत्रे दुरुस्तीला आमच्याकडे येत आणि लोक म्हणत, "तुमचाच डबा आहे ना हा?" बारा वर्षे झाली, पण ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

पुढे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला, भाऊ परतला आणि काम सुरळीत चालू लागले. 2019 च्या पाय 4 ने एचईव्हीसी या पद्धतीने दाबलेल्या 4 के चित्रफितीदेखील सहज पेलल्या.

घरी स्वतः जोडणाऱ्यांना एवढे अवश्य सांगेन की मोबाइलचा जुना चार्जर पायला लावू नये. पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपियरचा पुरवठा लागतो आणि पडद्यावर विजेचे चिन्ह दिसले तर दोष आधी चार्जरमध्ये आणि बारीक केबलमध्ये शोधावा. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा, अन्यथा वीज जाताना यंत्र क्षणभर बंद पडते आणि एसडी कार्डावरची फाइल प्रणाली बिघडते. टीव्हीच्या बंद कपाटात यंत्र कोंडू नये. घरच्या लग्नाच्या, बारशाच्या चित्रफितींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरी ठेवावी, कारण त्या कुठल्याही बाजारात पुन्हा मिळत नाहीत.

काका आता नाहीत. काकूंकडे त्यांचे तिसरे यंत्र आहे, पण बटणांवर 2010 मधलीच चित्रे आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी अक्षरे आणखी मोठी करून मागितली. जुनी चित्रे ताणली की वेलांटीच्या कडा फाटलेल्या दिसतात, म्हणून पाचही शब्द मी नव्याने काढायला घेतले आहेत.